किडकी पाकळी

न्हाय मावशी, न्हाय म्हणजे न्हाय — आन् हे बघा, पयलं त्या काचेवरचा हात काढा. काढा, काढा. येतंय ते माणूस स्क्रीनला हात लावतंय — कुणाचं भजी खाल्लेलं बोट, कुणाचं तंबाखू मळलेलं — आन् मी दिवसभर हे फडकं घेऊन पुसत बसते, हे काय काम हाय का माझं? बसा तिकडं स्टुलावर. पिशवी खाली ठेवा. केळी? कशाला आणली केळी, मी काय मागितली होती? उजनीच्या पाण्यावरची असतील, गोड असतील, सगळं खरं — पण केळी देऊन काम करून घेता येतं असं कुणी सांगितलं तुमाला? घेऊन जावा जाताना. मालक? मालक न्हायत, शूटिंगला गेलेत, अक्कलकोटकडं लग्न हाय एक. आज यायचे न्हायत. आन् मालक असते तरी तुमाला हेच सांगितलं असतं. बाहेर बोर्डावर 'शिवयोगी व्हिडिओ मिक्सिंग' लिहिलंय, पण शिवयोगी नुसता कॅमेरा धरतात, ह्या खुर्चीत बसून कापाकापी, रंग, गाणी, फुलं सगळं करते ती मी, महेश्वरी. तवा काय बोलायचं ते माझ्याशी बोला, आन् मी तर न्हाय म्हणून बसलेय.

तुमाला दारात बघितलं तवाच ओळखलं मी. रंभाबाई. इंद्रजीतची आई. तुमी मला आज बघताय, पण मी तुमाला पंधरवडाभर बघितलंय — पुढं नेऊन, मागं आणून, हळू करून. तुमच्या पोराच्या लग्नाचं शूटिंग तुमच्या माढ्याच्या सिद्धनाथनं केलं आन् मिक्सिंगला हितं पाठवलं, बरोबर? इंद्रजीत स्वतः येऊन बघून गेला. ह्याच स्टुलावर बसला होता, हळदीचा भाग आला तवा शर्टाच्या बाहीनं डोळं पुसत होता, आन् मला म्हणतोय काय — ताई, ह्यातलं एक बी कमी करू नका. पेनड्राइव्ह घेऊन गेला, घरी टीव्हीला लावला, सगळ्या भावकीनं बघितला. झालं की! विषय संपला. आन् आज तुमी एकट्या, एसटीनं, पदराच्या गाठीत तोच पेनड्राइव्ह बांधून, पोराला न सांगता, आन् म्हणताय — पोरी, हळदीत मी हाय न्हवं, तितं माझ्यावर जरा फुलं टाक.

फुलं टाक! हा शब्द तुमाला दिला कुणी? सिद्धनाथनं? वाटलंच. असली अक्कल तोच शिकवणार. हा आमच्या लाइनीतला शब्द हाय मावशी, मिक्सिंगवाल्यांनी आपसात बोलायचा, गिऱ्हाइकाच्या तोंडात शोभत न्हाय. 'जरा' फुलं टाक म्हणे. जरा! तुमाला वाटतं बटन दाबलं की फुलं पडली. सगळ्यांना तसंच वाटतं.

ऐका आता. ह्या कॉम्प्युटरात मिक्सिंगचं सॉफ्टवेअर असतं, त्याला बाहेरनं आणखी एक तुकडा जोडायचा, प्लगिन म्हणतात त्याला — त्याचं काम एकच, कण उधळायचं. पार्टिकल. एक जागा ठरवायची, तितनं कण निघणार. किती निघायचे, किती जड, किती येळ जगायचे, वारं कुटनं — सगळं आपण सांगायचं. तुमी सुपानं पाखडता की, फोल तिकडं उडतं आन् दाणा हितं पडतो, तेच, फक्त हितं वाऱ्याला बी मीच सांगते. पण ज्यानं हे बनवलं तो माणूस कुटल्या तरी थंड देशातला! आत काय काय तयार करून ठेवलंय त्यानं? बर्फ. धुकं. साबणाचे फुगे. फुलपाखरं. सोलापुरात कुणाच्या लग्नात बर्फ पडतो हो? एप्रिलमधी हितं चपलेला डांबर चिकटतं! आन् अक्षता? अक्षता न्हायतच. मग सगळे मिक्सिंगवाले काय करतात, तोच बर्फ घेतात, पिवळा करतात आन् नवरा-नवरीवर सोडतात — वरनं, तरंगत, हळूहळू. अक्षता अशा पडतात का? तुमीच सांगा, तुमी कमी लग्नं बघितली का? आपल्या अक्षता जोंधळ्याच्या, त्या पडत न्हायत, त्या बसतात — आडव्या येतात, मागनं येतात, भटजीच्या कानात जातात, नवरीच्या डोळ्यात जातात, आन् मागचा एक शहाणा मूठ आवळून मुद्दाम मारतो. ते दाखवा की! न्हाय. गिऱ्हाईक म्हणतं, मॅडम, जरा चमचम मारा.

हा बघा, हा स्क्रीनवरचा — भावी नगरसेवक. वाढदिवसाचा व्हिडिओ. मागं आग पायजे म्हणाला, चालत येताना पायाखालनं ठिणग्या उडायला पायजेत. मी पाठीमागं आग लावली तर म्हणतोय दिसत न्हाय, पुढं घ्या, अजून पुढं घ्या. घेतली पुढं. शेवटी साहेबाचं डोस्कं पेटल्यागत दिसायला लागलं, तर कार्यकर्ते टाळ्या वाजवायलेत — एक नंबर! आन् श्रद्धांजलीवाले तर त्याच्या वरचे. माणूस गेला की त्याचा फोटो शेवटी सोनेरी भुगा होऊन उडून जायला पायजे. कणाकणानं. तसं बी प्लगिन हाय, मिळतं. मी विचारते, माणूस असा जातो का हो? भुगा होऊन, वर, गाण्यावर? माणूस जातो आन् त्याच्या चपला दारात राहतात. मोबाईलचा चार्जर भिंतीला तसाच लोंबत राहतो, आन् तो काढायला कुणाचा हात होत न्हाय. ते दाखवणारं प्लगिन काढा म्हणावं कुणीतरी — जाऊ द्या, मी काय बोलायलेय, तुमाला फुलांचं सांगत होते.

प्लगिनमधी पाकळी हाय. एकच. गुलाबी, कागदागत गुळगुळीत, कसल्या झाडाची कुणास ठाऊक. ती आपल्या मांडवात टाकली तर वाटतं कुणीतरी वरनं पावत्या फाडून टाकायलंय. आमी म्हणलं हे चालायचं न्हाय, झेंडूच पायजे. मग आमी दोघं, मी आन् शिवयोगी, मार्केटातनं पिशवीभर झेंडू आणून गच्चीवर गेलो. ते पाण्याच्या टाकीवर चढून पाकळ्या सोडायचे, मी खाली काळं कापड अंथरून कॅमेऱ्यातनं बघायची. सगळी दुपार तेच. खालनं घरमालकीण ओरडायली, येड लागलं का नवरा-बायकोला! झेंडूची पाकळी कशी पडती म्हाईत हाय तुमाला? तिचं पांढरं टोक जड असतं, ते खाली धरून ती भिरभिरत येती आन् भुईजवळ आली की एकदम पालथी पडती. कापसागत येत न्हाय. ते बघून बघून, वजन-वारं बसवून आमी आमचा झेंडू केला. पाकळ्यांचे फोटो काढून आत भरले. त्यात एक पाकळी किडकी निघाली — कडेला आळीनं खाल्लेली, मधी बारीक भोक. मी म्हणलं, ही काढून टाकू. तर ते म्हणाले, राहू दे महेश्वरी, सगळीच चांगली असली की खोटी वाटतात. असं बोलायचे ते. म्हणजे — बोलतात. अजून बी बोलतात. आन् माणूस कसा, एवढं करून लपवून न्हाय ठेवलं. सोलापुरातल्या सगळ्या मिक्सिंगवाल्यांना वाटून टाकलं, घ्या म्हणाले, आपल्या लग्नात आपली फुलं पडू द्या. आज शहरातल्या कुटल्या बी लग्नाचा व्हिडिओ लावा, त्यात ती किडकी पाकळी कुटंतरी भिरभिरती. मला लगेच दिसती. दुसऱ्या कुणाला दिसत न्हाय.

तर ही ती फुलं. झाकायचं काम त्यांना नंतर लागलं. आन् सुरुवातीला त्यात बी काय वाईट नव्हतं — ऐन मुहूर्ताला मामा नाकात बोट घालतोय, टाक फुलं. मांडवाच्या खांबाला वायर लोंबती, टाक फुलं. नवरदेवाचा दोस्त झिंगून खुर्चीसकट उलटा पडतोय, टाक दोन मुठी जास्त. हसायचो आमी. मग हे गिऱ्हाइकाला कळलं, आन् तितनं सगळी घाण झाली. एकजण आला, म्हणाला ह्या भावाशी आता कोर्टात चाललंय, ह्याच्यावर टाका. मग बायकांचं सुरू झालं. जास्त करून हळदीतलं. आन् नाव कुणी घेत न्हाय मावशी, ऐकताय न्हवं? कुणावर टाकायची विचारलं की तोंडानं सांगत न्हायत. स्टुलावरनं उठतात, वाकतात, काचेला बोट लावतात — ही. बस, ही! ती बहीण असती, आत्या असती, चुलती असती, त्या नवरदेवाला लहानपणी तिनं कडेवर घेऊन भरवलेलं असतं. पण तिचा नवरा गेला, आता तिला नाव बी न्हाय, नुसतं बोट दाखवायचं. असल्या लोकांना मी उठवून लावते. दुसरीकडं जातात, करून घेतात, करू देत. पण बोट माझ्या काचेवर उमटलेलं राहतं, म्हणून हे फडकं. तुमाला काय वाटलं, मला स्वच्छतेची लई हौस हाय?

आन् त्या सगळ्यांचं एक येळ कळतं मला. ती दुसऱ्याला पुसायला आलेली. तुमी तर स्वतःला पुसायला आलाय. भाडं भरून! असलं गिऱ्हाईक मी आजपर्यंत बघितलं न्हाय.

कसं काय 'चालतंय की'? तुमाला चालत असंल. एक सांगते, मग बोला. आमच्या ओळखीतली एक बाई हाय, हितंच, पूर्व भागात, तेलुगू विणकराच्या घरातली. तिचा नवरा चिंचोळी एमआयडीसीच्या पुढं रस्त्यावर गेला, ट्रकनं उडवलं. वर्ष सरलं नव्हतं तवर तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. ती हळदीला जाणारच नव्हती. भाऊ स्वतः आला न्यायला, गाडीवर बसवून नेलं आन् सगळ्यांच्या पुढं म्हणाला, अक्का, पयली हळद तू लाव. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पण लावली तिनं, कानापासनं हनुवटीपर्यंत. तिला वाटलं, चला, आलो आपण परत माणसात. मग लग्नाचा व्हिडिओ तयार होऊन आला. घरात सगळी जमलेली, भावजयीच्या माहेरची बी, चिवडा चाललाय, पोरं टीव्हीच्या पुढ्यात पसरलीत, आन् हळदीचा भाग लागला. भाऊ पाटावर बसलेला. आन् ती जितं उभी, बरोबर तितंच वरनं झेंडू पडायला लागला — बाकी मांडवात एक पाकळी न्हाय आन् तितं नुसता ढीग. हळद लावणारा हात तेवढा बाहेर, कोपरापासनं पुढं. कुणाचा हात, काय कळत न्हाय. सगळी म्हणायली, फुलं काय भारी पडल्यात! आन् मी बघतेय तर ती किडकी पाकळी भिरभिरत आली आन् बरोबर माझ्या तोंडावर —

व्हय. मीच ती. आता कळलं? बघताय काय अशा? टिकली बघताय? बांगड्या बघताय? मालक अक्कलकोटला गेले न्हायत, मावशी. मालक कुटंच गेले न्हायत आन् कुटनं यायचे बी न्हायत. ही टिकली दुकानाची हाय. शटर वर करायच्या आधी लावते, शटर खाली ओढलं की काढून त्या कपाटाला चिकटवते — तितं बघा, रांग लागलीय. लग्नाचं काम माझ्यासारखीच्या हातात देतंय कोण? तुमी दिलं असतं का? खरं सांगा. इंद्रजीतनं दिलं असतं कदाचित. तुमी? बघा, पदर सावरायला लागला. म्हणून आमचे मालक कायम शूटिंगला गेलेले असतात, कधी अक्कलकोटला, कधी बार्शीला. लई धंदा हाय मालकांचा! लोकांना उठवून लावते मी, फुलं टाकणार न्हाय म्हणून तोंड वर करून सांगते, आन् रोज सकाळी पयली फुलं स्वतःवर टाकते, मग दुकान उघडते. चीड येती मावशी. तुमची न्हाय फक्त. सगळ्यांची येती, माझी बी येती.

आन् माझ्यावर फुलं टाकायला सांगितलं कुणी असंल? मला वाटलं भावजयीच्या माहेरच्यांनी. त्या पोरीशी मी कितीतरी दिवस धड बोलले न्हाय. ते मिक्सिंग महबूबभाईंनी केलेलं. माझ्या भावानं, राजशेखरनंच त्यांना दिलेलं, म्हणाला घरचं लग्न हाय, अक्कानं काम करायचं न्हाय, मिरवायचं. मी त्यांच्या दुकानात जाऊन भांडले. तोंडाला येईल ते बोलले, शिवयोगीनं दिलेल्या फुलांनी त्याच्याच बायकोला झाकलं म्हणलं, लाज वाटली न्हाय का? ते मान खाली घालून ऐकत होते आन् शेवटी म्हणाले, "तुमारी अम्माच आये थे बेटी. रोते बैठे थे. मैं क्या बोलता, बोलो?"

माझी अम्मा! अशीच आलेली असणार, तुमच्यासारखी, पिशवीत कायतरी घालून. माझ्या लेकीवर फुलं टाका म्हणाली. का? तर बघून कुणी बोलू नये. पोरीला नावं ठेवू नयेत. माझ्या भल्यासाठी! तुमचं बी तेच न्हवं, पोराच्या भल्यासाठी? तुमच्या दोघींच्या भल्याला आग लागो. तिच्याशी बोलत न्हाय असं न्हाय. बोलते की. पाणी आलं का, भाजी काय केली. त्याच्या पुढं जीभ जात न्हाय. आन् सगळ्यात वाईट काय झालं सांगू? मी महबूबभाईंकडं मूळ शूटिंग मागितलं. म्हणलं फुलांच्या खालचं द्या, मी काढते फुलं, माझीच हायत. तर कार्ड पुसलेलं. पुढच्या लग्नाला वापरलेलं. आन् एकदा व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडला की फुलं निघत न्हायत, मावशी. भाकरी भाजून झाल्यावर पीठ परत कुटनं आणायचं? त्या फुलांच्या खाली आता काय बी न्हाय. मी भावाच्या हळदीत न्हाय. उद्या त्याची पोरं बघतील आन् विचारतील, हा हात कुणाचा.

काय? हात? हां, इंद्रजीतचा हात. सांगितलं की तुमी आल्या आल्या. लग्नानंतर महिना झाला न्हाय आन् गाडी घसरली, हात मोडला, प्लॅस्टर घातलंय. आन् जाऊबाई म्हणाल्या, पांढऱ्या कपाळाची हळद लागली, दुसरं काय होणार. आन् तुमी ते खरं धरलं! गाडी घसरली कुटं? कॅनॉलच्या वळणावर. तितं काय असतं? उसाच्या ट्रॅक्टरनं सांडलेला चिखल असतो, पाचट असतं, निम्मं गाव पडलंय म्हणला तितं — तुमीच म्हणला मघाशी, सरपंच बी पडला होता म्हणून. सरपंचाला कुणी हळद लावली होती? तुमी लावली होती? सांगा की! हसू नका, मी हसायला न्हाय सांगितलं. त्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात कुणी जात न्हाय भांडायला. आईच्या अंगावर यायला सगळी पुढं. आन् समजा मी टाकली फुलं — हात जुळणार हाय का त्यानं? हळद त्याच्या गालाला लागली ती लागली, ती काय स्क्रीनवर झाकून निघती?

थांबा. एक सांगा मला. तुमी बघितलाय का हा व्हिडिओ? खरं सांगा. घरात टीव्हीला लावला होता तवा तुमी कुटं होता?

चहा करत होता. वाटलंच मला. सगळी भावकी बघायली आन् जिच्या पोराचं लग्न ती आत चहा गाळायली. आन् न बघताच पुसायला निघाला! या हिकडं. आणा तो स्टूल. आणा की. फुलं पायजेत न्हवं तुमाला? टाकते. व्हय, टाकते म्हणलं की, आज पयल्यांदा टाकते. पण कुणावर टाकायची ते तुमी दाखवायचं, बोट लावून, बाकीची दाखवतात तसं. अम्मानं दाखवलं असंल तसं. मी लावते, तुमी बघा, आन् जितं टाकू म्हणाल तितं काचेला बोट लावा. मी एक शब्द बोलणार न्हाय.

हां. हा मांडव. ह्या तुमच्या जाऊबाई, हिरव्या साडीतल्या, ताट घेऊन. ह्या सवाष्णी. लावली, लावली, ओवाळलं, उरकलं. आता इंद्रजीतकडं बघा. मान वळवायलाय, कुणाला तरी हुडकायलाय. तुमी कुटं हाय? तो खांब दिसतोय न्हवं, त्याच्या मागं पदराचं टोक, ते तुमी. आन् उठला बघा. पाटावरनं नवरदेव उठला, बायका ओरडायल्या, उठू नको रे, उठू नको — ह्याला काय ऐकू येत न्हाय, पिवळ्या पायानं निघालाय, सतरंजीवर ठसं. गेला खांबामागं. ओढलं तुमाला. तुमी न्हाय न्हाय म्हणताय, हात मागं घेताय — खाली कशाला बघताय मावशी, वर बघा, भाडं भरून आलाय न्हवं — मनगट धरलं त्यानं आन् तुमचा हात स्वतःच्या गालावर नेऊन ठेवला. हितं मी गाणं काढून टाकलंय. चमचम न्हाय, फुलं न्हाय, एक कण टाकला न्हाय मी हितं. नुसता मांडवातला आवाज. बघा. आधी एक बोट लावलं तुमी, चोरून लावल्यागत. मग सगळा तळवा. मग दुसरा हात बी. आन् हे — हे बघा, हसला. दात दिसायलेत तुमचं. नवरा गेल्यापासनं कधी हसला होता असं, पोराच्या लग्नात बी हसायचं न्हाय का माणसानं?

थांबवलं मी. आता काय हालत न्हाय. दाखवा, कुटं टाकू? लावा बोट. ओरडते म्हणून घाबरू नका, काच हाय, पुसता येती. लावा की. आला कशाला मग एवढ्या लांबनं? मावशी? लावा म्हणते न मी. हां, उचला हात. अजून वर —

न्हाय. ते तुमी न्हाय. तो इंद्रजीतचा गाल हाय. तुमचं तोंड हिकडं, ह्या अंगाला. तितं नका हात फिरवू, तितं काय टाकायचं हाय. मावशी, तितं —

बरं.

बरं, कळलं मला. घ्या हा पेनड्राइव्ह, हाय तसाच घ्या. बांधा पदरात. घरी जाऊन टीव्हीला लावा, समोर बसा, आन् चहा ठेवायला जाऊबाईंना सांगा. आन् गावात सांगायचं असंल तर सांगा खुशाल, सोलापुरातली ती महेश्वरी, तिचा नवरा गेलाय आन् ती लोकांची लग्नं मिक्सिंग करती. सांगा. मला आता तुमाला 'कुणाला सांगू नका' म्हणायचा कंटाळा आलाय. केळी राहू द्या. रडायचं असंल तर एसटीत रडा, हितं मला काम हाय, त्या नगरसेवकाचं डोस्कं विझवायचंय अजून.

उठा. माढ्याची गाडी चुकंल. आन् — काय करताय हो? पदरानं काच कशाला पुसायलाय? सोडा. सोडा म्हणते न! राहू द्या ते बोट तितं. मी पुसत न्हाय, तुमी बी पुसू नका. जावा आता. दार ओढून घ्या, धूळ येती आत.